ड्रोनने फोटो काढला म्हणजे नकाशा झाला का?

गावठाणाची ड्रोन मोजणी आता अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. आदल्या दिवशी घराच्या नि अंगणाच्या कडेने चुन्याच्या रेघा मारल्या जातात. दुसऱ्या दिवशी आकाशात घरघर ऐकू येते, पोरं माना वर करून धावत सुटतात आणि बघता बघता ड्रोन सगळ्या आळ्यांवरून फिरून परत उतरतं. आमच्या गावात हे झालं तेव्हा शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "ह्या फोटोत माझी पडवी आली का रे? आणि आली तर ती माझी म्हणूनच आली ना?"

काकूंचे हे दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर गणितात आहे, दुसऱ्याचं नाही. या दोहोंची गल्लत होते म्हणूनच "ड्रोनने मोजलंय, आता वाद कसला?" असं म्हणणाराही चुकतो आणि "वरून फोटो काढून कुठे मोजणी होते का?" असं म्हणणाराही.

केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्याच्याही आधी महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभागाने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात असा प्रयोग केला होता. हेतू साधा आहे. शेतजमिनीला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घरांना पिढ्यान् पिढ्या तसा कागद नव्हता. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आता मोजणी करून प्रत्येक घराला मिळकत पत्रिका, म्हणजे घरजागेच्या हक्काचा कागद, द्यायची आहे. त्यासाठी आधी नकाशा हवा, आणि नकाशासाठी फोटो.

फोटो आणि नकाशा यांत फरक काय?

उंच जिन्यावर उभं राहून खाली अंगणातल्या माणसांचा फोटो काढून पाहा. बरोबर पायाखालचा माणूस फक्त डोकं आणि खांदे एवढाच दिसेल. बाजूला उभे असलेले मात्र बाहेरच्या बाजूला कललेले दिसतील, जितके लांब तितके जास्त. ते सरळच उभे आहेत, पण कॅमेरा एकाच ठिकाणाहून सगळ्यांकडे बघतो म्हणून तसं दिसतं.

नकाशा असा एका जागेवरून बघत नाही. नकाशातला प्रत्येक बिंदू त्याच्या अगदी डोक्यावरून पाहिल्यासारखा असतो. म्हणून फोटोवर पट्टी ठेवून मोजलं तर चूक होते.

किती चूक होते, याचा हिशेब करू. ड्रोन १२० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून ६० मीटरवर ६ मीटर उंचीचं घर आहे. त्या घराच्या छपराचा कोपरा फोटोत जमिनीच्या हिशेबाने तीन मीटरहून जास्त बाहेर सरकलेला दिसतो. तीन मीटर म्हणजे जवळजवळ दहा फूट. गावठाणात एका हाताच्या बोळावरून कोर्टकचेऱ्या होतात, तिथे दहा फूट! उंच वस्तूचं फोटोत असं बाहेर झुकणं हीच हवाई मोजणीतली मूळ अडचण आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यातूनच तिचं उत्तरही मिळतं.

एकाच घराचे इतके फोटो कशाला?

एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना रस्त्याकडेचे खांब झरझर मागे जातात, शेतातलं झाड सावकाश सरकतं आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबरच चालल्यासारखा वाटतो. किती सरकलं यावरून किती लांब आहे ते आपल्याला न मोजताच कळतं. आपले दोन डोळेही हेच करतात. अंगठा समोर धरा, आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा जागेवरून हललेला दिसेल. अंगठा जितका जवळ धराल, तितकी उडी मोठी.

ड्रोनला दोन डोळे नसतात, पण ते पुढे सरकत राहतं आणि फोटो काढत राहतं. आधीचा फोटो हा डावा डोळा, पुढचा हा उजवा. छपराचा कोपरा दोन फोटोंत जमिनीपेक्षा जास्त सरकलेला दिसला, की तो जमिनीपेक्षा किती उंच आहे ते काढता येतं. उंची कळली की त्या कोपऱ्याला फोटोत मिळालेला खोटा कल किती तेही कळतं, आणि तो वजा करता येतो. फोटोंवरून मोजमाप काढण्याच्या या शास्त्राला फोटोग्रामेट्री म्हणतात. कल काढून टाकलेल्या, नकाशासारख्या सरळ केलेल्या चित्राला ऑर्थोफोटो.

यासाठी प्रत्येक जागा किमान दोन फोटोंत यायलाच हवी. म्हणून फोटो कौलांसारखे एकमेकांवर चढवून काढतात. कौल दुसऱ्या कौलावर नीट बसलं नाही की तिथून गळतं, तसं फोटो एकमेकांवर चढले नाहीत की तिथे नकाशाला भोक पडतं. विमानातून काढलेल्या फोटोंत पुढच्या दिशेने साधारण ६० टक्के आणि बाजूच्या पट्ट्यांत ३० टक्के भाग सामाईक ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ड्रोन हलकं असतं, वाऱ्याने डुलतं, म्हणून तिथे हे प्रमाण बरंच वाढवतात, पुढच्या दिशेने ७५-८० टक्क्यांपर्यंत.

फोटोचं प्रमाणही सोप्या भागाकाराने निघतं. भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं) भागिले उडण्याची उंची. १५२ मिलिमीटरचं भिंग घेऊन विमान जमिनीपासून १५२० मीटरवर असेल, तर फोटोवरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. ड्रोन खाली उडतं म्हणून बारकावा जास्त येतो. सर्वेक्षणाच्या साध्या ड्रोन कॅमेऱ्यातही १२० मीटरवरून चित्रातला एक ठिपका जमिनीवर सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास पडतो. चुन्याची रेघ त्यात स्वच्छ दिसते.

चित्र सरळ झालं, पण ते पृथ्वीवर कुठे ठेवायचं?

शंभर-दोनशे फोटो जुळवून गावाचं सुंदर ऑर्थोफोटो तयार झालं. घरांची एकमेकांच्या तुलनेतली जागाही बरोबर आली. पण हे चित्र म्हणजे टेबलावर सुटी पडलेली चादर आहे. ती फिरवली, सरकवली, थोडी ताणली तरी तिची तिला कळणार नाही. तिला चार कोपऱ्यांना खिळे हवेत. हे खिळे म्हणजे जमिनीवरच्या अशा खुणा, ज्यांचे अक्षांश, रेखांश आणि उंची आधीच पक्की मोजलेली आहे. त्यांना नियंत्रण बिंदू म्हणतात.

मग त्या खुणांचे अक्षांश-रेखांश कुठून आले? आज उत्तर आहे उपग्रह. दोनशे वर्षांपूर्वी उत्तर होतं तारे. मला या विषयातला हाच भाग सगळ्यांत जवळचा वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आकाशाकडे बघून जमिनीवरची जागा कशी कळते?

रात्री ध्रुव तारा शोधा. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर दिसतो, कारण मुंबईचा अक्षांश १९ आहे. नागपुरात तो २१ अंशांवर, पणजीत साडेपंधरा अंशांवर. तुम्ही जितके उत्तरेला जाल तितका ध्रुव वर चढतो. ध्रुवाची उंची म्हणजेच तुमचा अक्षांश. तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला आहे आणि त्याच्याभोवती छोटी प्रदक्षिणा घालतो, तेवढी दुरुस्ती करावी लागते.

सूर्यावरूनही अक्षांश निघतो. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावली दिवस येतो. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या जितके अंश उत्तरेला असतो, तितकाच पुण्याचा अक्षांश असतो, साडेअठरा. म्हणजे सावली गायब झालेली पाहायला जमणारी शाळेतली मुलं खरं तर गावाचा अक्षांश मोजत असतात.

दिशेसाठी होकायंत्र आहेच की, असं कुणी म्हणेल. पण होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, आणि जवळ लोखंडी पत्रा किंवा विजेची तार असली की तेही नाही. खरी उत्तर हवी तर अंगणात एक सरळ काठी रोवा, भोवती वर्तुळ काढा. सकाळी काठीच्या सावलीचं टोक जिथे वर्तुळाला शिवेल तिथे खूण करा, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. यज्ञवेदी आखण्यासाठी ही रीत कात्यायन शुल्बसूत्रात दिलेली आहे. सर्वेक्षकांची 'समान उन्नती'ची पद्धत तत्त्वाने हीच, फक्त काठीऐवजी थिओडोलाइट, म्हणजे आडवे आणि उभे कोन मोजणारी दुर्बीण, आणि सूर्याऐवजी बहुतेक वेळा तारा.

रेखांशाचं काम अवघड, कारण त्यात घड्याळ येतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे, म्हणून तिथे सूर्य सुमारे २५ मिनिटं आधी डोक्यावर येतो. दोन ठिकाणच्या स्थानिक वेळेतला फरक म्हणजेच त्यांच्या रेखांशातला फरक. जुनी 'बॉम्बे टाइम' ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती ती याच हिशेबाने. पण घड्याळ एका सेकंदाने चुकलं तर आपल्या अक्षांशावर जागा सुमारे ४४० मीटरने चुकते. एका सेकंदात पाव मैलाहून जास्त!

मग सगळा देश ताऱ्यांवरूनच का नाही मोजला?

कारण ताऱ्यांनी एकेका ठिकाणाची जागा कळते, पण ती चुलत्या-पुतण्यातल्या बांधाला पुरेल इतकी बारीक नसते. म्हणून विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वेगळी वाट धरली. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे १२ किलोमीटरची एक सरळ रेषा साखळीने मोजायला घेतली. ही एकच लांबी जिवापाड जपून मोजायची, पुढे फक्त कोन मोजून त्रिकोणावर त्रिकोण रचत जायचं, आणि मधूनमधून ताऱ्यांवरून अक्षांश आणि दिशा तपासून घ्यायची. जपून म्हणजे किती? पोलादी साखळी उन्हाने लांबते. तापमानात १० अंशांचा फरक दुर्लक्षिला तर १२ किलोमीटरमागे सव्वा मीटरहून जास्त घोटाळा होतो, आणि पुढचा प्रत्येक त्रिकोण तो घोटाळा पाठीवर घेऊन चालतो.

लॅम्बटनने दोन दशकं हे काम केलं. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी त्याचा वाटेतच मृत्यू झाला, तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हीच त्रिकोणांची माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली.

आणि तिथे एक विलक्षण गोष्ट उघडकीला आली. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेतलं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर ताऱ्यांवरून एक येत होतं आणि त्रिकोणांवरून दुसरं. फरक ५.२३६ विकला. विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग, म्हणजे हा फरक जमिनीवर १६० मीटरच्या आसपास. माणसं कुशल, उपकरणं उत्तम, मग चुकलं कोण?

चुकला होता ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंब्याने बघतो. ताऱ्याची उंची मोजतानाही 'खाली' कुठे आहे ते ओळंबा किंवा पाणसळच सांगते. पण हिमालयासारखा प्रचंड डोंगर त्या ओळंब्याला किंचित स्वतःकडे ओढतो. 'खाली' सरकलं की 'वर' सरकतं, आणि ताऱ्याची उंची चुकते. १८५५ मध्ये कलकत्त्यातले धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी हिमालयाची ओढ गणिताने काढली, तर ती प्रत्यक्षातल्या फरकाच्या जवळजवळ तिप्पट निघाली. डोंगर दिसतो तितका ओढत का नाही? या प्रश्नातून पुढे आलं ते असं, की मोठ्या पर्वतांच्या खाली हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली असतात. जमीन मोजायला निघालेल्या माणसांच्या हाती डोंगराखालचं गुपित लागलं. गणितातला न जुळणारा उरलेला आकडा लपवला नाही, वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवला, म्हणून हे झालं. मोजणी खात्यातल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आता मोबाईलच अक्षांश-रेखांश सांगतो, मग एवढा खटाटोप कशाला?

मोबाईलचा जीपीएस काही मीटरने इकडे-तिकडे होतो. रिक्षा बोलावायला ते पुरतं, हद्दीला नाही. उपग्रहाचा संदेश हवेच्या थरांतून येताना रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यानेच जागा चुकते.

यावर उपाय आपल्या घरातलाच आहे. भिंतीवरचं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे असतं हे आपल्याला ठाऊक असलं, की आपण ती पाच मिनिटं वजा करून बघतो. तसंच भारतीय सर्वेक्षण विभागाने जागोजागी कायमची केंद्रं बसवली आहेत, त्यांना कॉर्स म्हणतात. केंद्राला आपली खरी जागा माहीत असते. उपग्रहांवरून आलेली जागा तिच्याशी ताडून आत्ता किती चूक होतेय ते ते सतत कळवत राहतं. भूकरमापकाच्या काठीवरचं रोव्हर, म्हणजे उपग्रहांचे संदेश घेणारं यंत्र, ती चूक वजा करतं आणि जागा काही सेंटिमीटरपर्यंत पक्की होते. ड्रोनच्या नकाशाला खिळे ठोकले जातात ते याच आधारावर.

आणि तारे रिटायर झाले असं नाही. उपग्रहांची जागा सांगायला पृथ्वी आत्ता नेमकी किती फिरली आहे हे कळावं लागतं, आणि पृथ्वी अगदी एकसारखी फिरत नाही. म्हणून जगभरातल्या रेडिओ दुर्बिणी अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांकडे, म्हणजे दूरच्या आकाशगंगांच्या झगझगीत गाभ्यांकडे, रोखून तिचं फिरणं मोजत राहतात. लॅम्बटन जे ताऱ्यांना विचारत होता, तेच आपण आज त्याहून दूरच्या दिव्यांना विचारतो.

जुन्या मोजणीपेक्षा क्षेत्र कमी-जास्त का येतं?

बहुतेक वेळा कुणी जमीन चोरलेली नसते. जुन्या कागदी नकाशावर १:१००० प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची रेघ असेल, तर ती रेघच जमिनीवर अर्धा मीटर रुंद असते. त्या रेघेच्या आत किंवा बाहेर हद्द धरली तरी क्षेत्र बदलतं. शिवाय कागद आक्रसतो, साखळी झिजते.

कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक कारण. क्षेत्र नेहमी आडव्या मापाने धरतात. २० अंश उताराच्या वरकस जमिनीवर टेप तसाच उतारावर टाकून १०० फूट मोजले, तर नकाशात ते ९४ फूटच भरतात. ते सहा फूट कुणी खाल्लेले नसतात.

गुगलच्या उपग्रह चित्रावर बांधाची रेघ ओढून शेजाऱ्याला दाखवण्याची सवय मात्र सोडायला हवी. ती चित्रं हद्दीसाठी तयार केलेली नसतात, जागोजागी काही मीटर सरकलेली असू शकतात.

तर मग ड्रोनला काय दिसत नाही?

झाडाखालचं दिसत नाही. कॅमेऱ्याला आंब्याचा पसारा दिसतो, त्याखालचा गडगा नाही.

आणि गावठाणात याहून महत्त्वाचं: ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. कौलारू घराची वळचण भिंतीच्या दोन-तीन फूट पुढे आलेली असते. ऑर्थोफोटोवर छपराच्या कडेलाच हद्द मानली, तर दोन घरांमधल्या पागोळ्या पडायच्या जागेचा मालक नकाशावरच बदलतो. म्हणून चित्र तयार झाल्यावर भूमी अभिलेखची माणसं नकाशाचा कागद घेऊन घरोघर येतात, जोत्यापासून टेप धरतात, मालकाला विचारतात, चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात. मिळकत पत्रिका त्यानंतर. आकाशातून आलेलं माप पाच सेंटिमीटरचं असलं, तरी ते माप चुन्याच्या रेघेचं असतं. रेघ चुकीच्या जागी मारली असेल तर चुकीची रेघ पाच सेंटिमीटरच्या अचूकतेने नकाशावर उतरते.

म्हणून चुना मारायच्या दिवशी घरचं माणूस हजर हवं, आणि शेजारीही. मुंबईला किंवा आखातात नोकरीला असलेल्यांनी गावात कुणाला तरी स्पष्ट सांगून ठेवावं. चौकशीच्या वेळी जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, घरपट्टीच्या पावत्या काढून ठेवाव्यात. एखादी गोष्ट पटली नाही, तर सामोपचाराने पण लेखी हरकत द्यावी, तोंडी नाही.

काकूंच्या घरी चौकशीसाठी माणसं आली तेव्हा मी तिथे होतो. नकाशावर पडवी आली होती, छपरासकट. पण शेजारचे दादा म्हणाले, पडवीचं छप्पर मागच्या पावसाळ्यात नवं घालताना दीड फूट पुढे आलंय, जोतं आतच आहे. काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खरं आहे. जोत्यापासूनच धरा." भूकरमापकाने टेप जोत्याला लावला, आकडा लिहिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या.